कासवाच्या पाठीची खरवड

समुद्री कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवायचं तर आधी ती पाठ खरवडावी लागते. अंडी घालून मादी पाण्याकडे निघाली की तिला थोडा वेळ थोपवून धरतात. कवचावरचं शेवाळ आणि चुन्याच्या बुटक्या बुरुजांसारखे चिकटून बसलेले जीव पट्टीने काढतात, पॉलिश पेपर घासतात, कवच पुसून कोरडं करतात आणि मग इपॉक्सीच्या लगद्यात यंत्र बसवतात. ही जगभरची रीत आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष यांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला असं यंत्र लावलं. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून नाव ठेवलं ‘प्रथमा’. त्याच हंगामात सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी, पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा तिचा नकाशा घरोघरच्या मोबाइलवर फिरला. यंत्रांच्या बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. यंत्र बसवण्याआधी पाठीवरून काय निघतं, याची बातमी होण्याचं काही कारण नव्हतं.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरात खव्याच्या भट्ट्या आहेत. खवा शहरात जातो आणि कढईची खरवड पोरांच्या वाट्याला येते. चव तिलाच जास्त असते, पण ती कुणी विकत घेत नाही. कासवाच्या पाठीची खरवडही तशीच आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत ती चाखून पाहणारे थोडे अभ्यासक निघाले आणि त्यांना जे सापडलं त्याचा हा आढावा.

बीडच्या माणसाने समुद्री कासवावर लिहावं हे जरा आगाऊपणाचं आहे, याची जाणीव आहे. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. समुद्र आमच्याकडे येतो तो आठवडी बाजारात गोणपाटावर, सुकटीच्या आणि बोंबलाच्या ढिगाच्या रूपाने. कासवाशी ओळख मात्र जुनी. महादेवाच्या देवळात नंदीला हात लावून पुढे सरकलं की फरशीत कोरलेलं कासव भेटतं. संतांची कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते. खरी समुद्री कासवी अंडी वाळूने झाकते आणि मागे वळूनही पाहत नाही, पण म्हणून कुणी दृष्टान्त बदलायला जाऊ नये. पुराणात तर कासवाच्या पाठीवर मंदार पर्वत ठेवला. प्रत्यक्षात तिथे जे असतं ते पर्वताहून पुष्कळ लहान आणि माझ्या मते पुष्कळ मजेदार.

सुकटीचा उल्लेख उगाच केला नाही. ताटातली सुकट, शेतातल्या ओढ्याचा खेकडा आणि कासवाच्या पाठीवरची बहुतेक ठळक मंडळी एकाच गोतावळ्यातली. कवचधर वर्ग हे त्या गोतावळ्याचं मराठी नाव. अंगाला सांधे, सांध्यांना पाय, वरून टणक आवरण, आणि वाढायचं असेल तेव्हा ते आवरण टाकून नवं घ्यायचं. या वर्गाने समुद्रात जे केलं तेच कीटकांनी जमिनीवर केलं. मिळेल त्या फटीत शिरून बिऱ्हाड थाटलं.

पाठीवरचा मुख्य भाडेकरू म्हणजे बार्नेकल. कासवावर हमखास भेटणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव चेलोनिबिया टेस्टुडिनेरिया. ते १७५८ साली लिनियसच्या ग्रंथात आलं, म्हणजे नामकरणाची आजची पद्धत प्राण्यांना लागू झाली त्याच वर्षी. त्याने या जीवाला शिंपल्या-गोगलगायींच्या पंक्तीला बसवलं, कारण बाहेरून दिसतो तो चुन्याचा किल्लाच. दिसायला चपटा घुमट, कडेने पाकळ्यांसारखे तुकडे, मधे झाकण. १८३० साली जॉन व्हॉन टॉम्प्सन नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याची पिल्लं पाहिली आणि ती पोहणारी, सांधेदार पायांची निघाली. घर शिंपल्याचं, पण घरात राहणारा कोळंबीचा भाऊबंद. त्यानंतर चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलवर घातली. उत्क्रांतीचा मोठा ग्रंथ टेबलाच्या खणात ठेवून हा माणूस आठ वर्षं जगभरातून आलेले बार्नेकल भिंगाखाली फाडत बसला होता. त्याच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं म्हणे, की त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांविषयी विचारलं, ते त्यांचे बार्नेकल कुठे करतात?

बार्नेकलचं आयुष्य दोन अंकी असतं. पहिल्या अंकात तो पाण्यात तरंगणारी अळी असतो. कपाळावर एक डोळा, पायांच्या तीन जोड्या, आणि कात टाकत टाकत वाढ. शेवटच्या रूपात तो खाणं सोडतो आणि साठवलेल्या चरबीवर जगत एकच काम करतो, जागा शोधणं. जागा पसंत पडली की मिशांच्या टोकाने ती चाचपतो, मिशांमधूनच सिमेंट सोडतो आणि डोकं खाली करून कायमचा चिकटतो. मग भोवती चुन्याच्या भिंती उभ्या राहतात. दुसरा अंक सगळा शीर्षासनात जातो. वरचं झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढायचे, पाण्यातलं अन्न चाळून आत ओढायचं, झाकण बंद. खडकावरच्या बार्नेकलला लाटेची वाट पाहावी लागते. कासवावरच्याला पाणी आपोआप मिळतं, कारण घरच चालतं.

आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. इथे बिऱ्हाडच विंचवाच्या पाठीवर बसून निघालं आहे. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. चूल, भांडी, शेळी आणि लेकरं एकाच गाडीवर. कासवाची पाठ पाहिली की मला ती गाडी आठवते, पण उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. टोळीला कोप कुठे पडणार ते मुकादम सांगतो आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत यायचं असतं. बार्नेकलला परतीची सोय नाही. कासव किनाऱ्यावर मेलं तर तोही वाळतो. कवचाचा पापुद्रा गळला तर त्याच्याबरोबर तोही तळाला जातो.

कायमचा चिकटतो असं वर लिहिलं खरं, पण त्याला अलीकडे धक्का बसला. कासवांचे फोटो वेळोवेळी काढून ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं की तोच बार्नेकल पुढच्या फोटोत थोडा सरकलेला असतो. काहींना हा फोटोचा कोन वाटला. २०२१ साली तैवानमधल्या बेनी चॅन आणि सहकाऱ्यांनी मोजमापासह दाखवलं की कासवावरचा चेलोनिबिया खरोखर चालतो. वर्षाला जास्तीत जास्त ५४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. मागे सिमेंटच्या खुणा राहतात. चालतो तो जिथे पाण्याचा ओघ जास्त, अन्न जास्त, त्या दिशेने. डोक्यावर उभा असलेला, भिंतीत चिणलेला हा प्राणी घरासकट सरकतो कसा, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

त्याचा संसारही सरळ नाही. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात आणि शेजाऱ्याशी संबंध ठेवतात. त्यासाठी निसर्गाने शरीराच्या मानाने अतिशय लांब अवयव दिला आहे. कासवावर मात्र शेजारी हाताच्या अंतरावर असेलच याची खात्री नाही. म्हणून या जातीत काही अळ्या मोठ्या बार्नेकलच्या कवचावरच उतरतात आणि तिथे बुटके नर बनून राहतात. भाडेकरूच्या भिंतीला टेकून पोटभाडेकरू. अशा नरांचं अस्तित्व प्रथम डार्विनने दुसऱ्या बार्नेकलमध्ये ओळखलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवायला त्यालाच जड गेलं होतं.

आणखी एक गोंधळ जनुकांनी मिटवला. खेकड्यांवर बसणारा एक चेलोनिबिया, समुद्रगाईंच्या नात्यातल्या मॅनॅटीवर बसणारा दुसरा आणि कासवावरचा तिसरा, अशा तीन जाती पुस्तकांत शंभर-सव्वाशे वर्षं नांदल्या. गेल्या दशकात डीएनए तपासला तेव्हा तिन्ही एकच निघाल्या. पाठ कुणाची मिळाली त्यावर घराचा आकार ठरतो. जमिनीप्रमाणे वाडा बांधावा तसं.

बार्नेकलच्या इतर जाती भरभर सांगून पुढे जातो. प्लॅटिलेपास मऊ कातडीत रुतून बसतो. स्टेफॅनोलेपास त्याहून खोल शिरतो आणि त्याला निरुपद्रवी म्हणणं कठीण आहे. देठाचे बार्नेकल, लेपास आणि काँकोडर्मा, हे खरं तर तरंगत्या ओंडक्यांवरचे आणि जहाजाच्या बुडावरचे. कासव समुद्रात संथ तरंगत राहिलं की त्यांना तोही ओंडकाच. गोड्या पाण्यात यातला कुणीही नाही. गोदावरीतल्या मऊ पाठीच्या कासवावर जळवा आणि शेवाळ सापडेल, बार्नेकल सापडणार नाही.

माझा आवडता रहिवासी मात्र खेकडा आहे. नाव प्लेनेस, प्रचलित नाव कोलंबसचा खेकडा. १४९२ च्या सफरीत कोलंबसच्या खलाशांना तरंगत्या शेवाळावर जिवंत खेकडा दिसला आणि जमीन जवळ आली असं वाटून ते सुखावले. जमीन अजून फार लांब होती. हा खेकडा किनाऱ्याचा नव्हेच. तो भर समुद्रात शेवाळावर, ओंडक्यावर, हल्ली प्लास्टिकच्या डब्यावर आणि कासवावर राहतो. कासवावर त्याची जागा ठरलेली, शेपटीच्या वरच्या बाजूला, कवच आणि कातडीच्या मधली खोबण. तिथे बहुधा दोघंच असतात, एक नर आणि एक मादी.

खेकड्यांच्या जगात एकपत्नीव्रत दुर्मीळ. मग इथेच ते का? जोसेफ फॅलर आणि मायकेल गिल यांनी २०१६ साली दिलेलं उत्तर अगदी चाळीतल्या खोलीचं आहे. जागा तेवढीच आहे. मोठ्या ओंडक्यावर हेच खेकडे घोळक्याने राहतात. कासवाच्या शेपटीमागे दोघांपुरतीच खोली, म्हणून दोघंच. नीतीचा संबंध नाही, चौरस फुटांचा आहे. हा खेकडा दिवसभर कासवाच्या अंगावरचं काही ना काही टिपत असतो. त्यात लहान बार्नेकलही आले आणि त्रास देणारे जीवही. भाडं चुकवणारा भाडेकरू म्हणायचा तर यालाच म्हणावं लागेल.

याहून लहान मंडळी भिंगाशिवाय दिसत नाहीत. टॅनेइड नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव कवचाच्या फटींत नळीसारखी घरटी विणतात. त्यातली हेक्साप्लिओमेरा रोबस्टा ही जात १८९४ साली लॉगरहेड कासवाच्या कवचावरूनच जगाला कळली. ॲम्फिपॉड म्हणजे कुशीवर आडवी झालेली कोळंबी समजा. त्यातल्या पोडोसेरस कीलोनोफिलसच्या नावातच कासवप्रेम आहे. हायाचेलिया तर कासवाखेरीज दुसरीकडे राहतच नाही. तिचं वर्णन १९६७ साली झालं. जी जात फक्त एका प्राण्याच्या पाठीवर जगते, ती त्या प्राण्याबरोबरच जाणार. कासवांचं संरक्षण म्हणताना आपण किती जातींचं संरक्षण म्हणतो आहोत, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

याच कवचधर वर्गातल्या कोपेपॉडपाशी मात्र मराठवाड्यातल्या माणसाला थांबावंच लागतं, कारण या प्राण्याने आम्हाला रडवलं आहे. आमचा मुलूख बारवांचा. पायऱ्या उतरून जायचं, घागर बुडवायची, पाय पाण्यात. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा कोपेपॉड असायचा. एकच डोळा, उड्या मारत पोहणारा, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. त्याच्या पोटात नारूची अळी. पाणी न गाळता प्यायलं की सायक्लॉप्स मरायचा, अळी सुटायची आणि वर्षभराने पायातून हातभर दोरा बाहेर यायचा. जुन्या माणसांना तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढलेला आठवतो. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, हातपंप आले, धडपं चौपदरी करून पाणी गाळायला शिकवलं, औषध टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे इथे कवचधर प्राणी स्वार नव्हता, त्याच्यावरच कृमी स्वार झाला होता. कोण वाहन आणि कोण प्रवासी, हे कुठून पाहता त्यावर ठरतं.

कासवावरच्या कोपेपॉडचं नाव बॅलिनोफिलस, म्हणजे देवमाशावर प्रेम करणारा, कारण त्याची पहिली जात देवमाशाच्या तोंडातल्या झालरीवर सापडली. कासवावरची जात कासवाची कातडी कुरतडते. प्रौढ कासवाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पाळलेल्या पिल्लांच्या टाकीत संख्या वाढली तर मात्र कातडी सोलवटते आणि पिल्लं दगावतातही.

तर मूळ प्रश्न. हे सगळे पाहुणे की बांडगुळं?

मराठी वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर सरसकट ‘परजीवी’ हा शब्द वापरतात. तो बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. परजीवी यजमानाचं खातो. चेलोनिबिया कासवाचं काहीच खात नाही, पाण्यातलं खातो. कासव त्याला फक्त जागा देतं, तीही न विचारता. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राला हा भेद सांगायची गरज पडू नये. तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठात जी. बी. शिंदे यांच्यापासून माशांच्या आतड्यातल्या फीतकृमींच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. डोकडा माशातल्या एका फीतकृमीला त्यांनी १९६८ साली सर्कमऑन्कोबोथ्रियम असं जिभेची परीक्षा घेणारं नाव दिलं. प्राणी म्हणजे एकटा जीव नव्हे, राहतं घर आहे, हे आतून पाहणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं. बाहेरून बसलेल्यांना तोच न्याय लावताना मात्र आपण घाई करतो.

अर्थात फुकटचं ओझं हेही ओझंच. बार्नेकल वाढले की कासवाभोवतीचं पाणी सरळ वाहत नाही आणि पोहायला जास्त बळ लागतं. डोळ्याच्या कडेला, जबड्यावर, वल्ह्यासारख्या पायांच्या सांध्यात बसले तर अडचण उघड आहे. पण इथे कार्यकारणाची गाठ नीट सोडवली पाहिजे. पावसाळ्यात कोकण-पालघरच्या किनाऱ्यावर जाळ्यात अडकून जखमी झालेली, थकलेली कासवं वाहून येतात. त्यातल्या काहींची पाठ बार्नेकलने गच्च भरलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, याच किड्यांनी जीव घेतला. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. कासव आधी आजारी पडतं, पाय जाळ्याने कापलेला असतो, ते पोहायचं सोडून तरंगत राहतं, आणि स्थिर ओंडका मिळाल्यावर अळ्या उतरतात. डहाणूला जखमी कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. अशा केंद्रांत जगभर जी पद्धत चालते ती साधी आहे. कासवाला काही काळ गोड्या पाण्यात ठेवतात. समुद्रातल्या बार्नेकलला आणि जळवांना ते सोसत नाही, ते सुटून येतात. सुरी लागत नाही.

सुरी मात्र मोबाइलवर भरपूर चालते. कासवाच्या पाठीवरून खसाखस बार्नेकल उपटणारे व्हिडिओ कोट्यवधी लोक समाधानाने बघतात. त्यातले काही तर दाखवण्यासाठीच घडवलेले असतात. कवच म्हणजे दगड नव्हे. त्याखाली जिवंत हाड आणि मज्जातंतू असतात, आणि घट्ट बसलेला जीव उपटला की कवचाची ढलपी निघते, त्यातून जंतू शिरतात. शिवाय भारतात सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हौसेने साफसफाई करणारा पुण्यवान हा कायद्याच्या लेखी आरोपी ठरू शकतो.

या वस्तीची शिरगणती करायला गेलं तर आकडे चक्रावतात. लॉगरहेड या एकाच जातीच्या कासवांवर आतापर्यंत दोनशेहून अधिक प्रकारचे जीव नोंदले गेले आहेत, तेही डोळ्यांना दिसणारे. जून २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट जॉर्ज बेटावर अंडी घालायला आलेल्या २४ माद्यांच्या पाठी धुऊन-पुसून जे निघालं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं गेलं. सरासरी एका पाठीवर तीस हजारांहून अधिक जीव. एकीवर तर दीड लाखांच्या घरात. बीड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दीड लाखाच्याच आसपास होती, हे आठवून हसू आलं. त्यातले बहुसंख्य सूत्रकृमी, पाठोपाठ कोपेपॉड आणि त्यांचे भाऊबंद. एक जुनं कोडंही त्यातून सुटण्याच्या वाटेला लागलं. ज्यांना धड पोहता येत नाही असे वाळूतले कणभर जीव महासागरांच्या दोन्ही काठांवर सारखेच कसे सापडतात? उत्तराचा एक भाग असा की कासव ही त्यांची एसटी आहे. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, वर्षानुवर्षं तीच फेरी.

आता सगळ्यांत मोलाच्या गोष्टीकडे येतो. बार्नेकल नुसता बसत नाही, तो लिहितो.

त्याच्या भिंती बुडाकडून वाढतात. टोकाचा चुना सर्वांत जुना, कवचाला टेकलेला सर्वांत ताजा. चुना बनताना पाण्यातला ऑक्सिजन त्यात बांधला जातो. ऑक्सिजनचे अणू दोन तऱ्हांचे घेऊ, हलका आणि जड. पाणी गार असेल तर चुन्यात जड अणूंचं प्रमाण वाढतं, कोमट असेल तर घटतं. पावसाच्या आणि नदीच्या पाण्यात जड अणू मुळातच कमी, म्हणून नदीमुखाजवळच्या निमखाऱ्या पाण्यात बनलेला चुना वेगळा ओळखू येतो. टोकापासून बुडापर्यंत बारीक सुईने भुकटी काढत गेलं की प्रवासाचे थर हाती लागतात. जॉन किलिंगली यांनी १९८० साली करड्या देवमाशाच्या बार्नेकलवर हे करून दाखवलं. १९८३ साली त्यांनी मॉली लटकावेज यांच्यासह लॉगरहेड कासवावरच्या बार्नेकलमधून कासवाच्या हालचाली मांडल्या. उपग्रहाची यंत्रं तेव्हा बाल्यावस्थेत होती. पुढे लाखो वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे प्रवासमार्गही जीवाश्म बार्नेकलमधून वाचले गेले.

या विद्येची परीक्षा एका शोकांतिकेतही झाली. मलेशियाचं एमएच ३७० विमान ८ मार्च २०१४ रोजी नाहीसं झालं. २९ जुलै २०१५ रोजी त्याच्या पंखाचा तुकडा रियुनियन बेटावर सापडला, तो देठाच्या बार्नेकलनी लगडलेला. तुकडा कोणत्या तापमानाच्या पाण्यातून वाहत आला ते त्यांच्या कवचात लिहिलेलं होतं. २०२३ साली एका अभ्यासात ती लिपी काही अंशी उलगडली. विमान त्यातून सापडलं नाही, कारण तपासायला मिळालेले बार्नेकल लहान होते, त्यांची वही उशिरा सुरू झाली होती.

हीच मर्यादा कासवावरच्या बार्नेकललाही लागू. बार्नेकलचं आयुष्य साधारण दोनेक वर्षांचं, त्याआधीचा प्रवास तो सांगणार नाही. गरम पाणी आणि गोडं पाणी, दोन्हींचा परिणाम चुन्यात एकाच दिशेने दिसतो, म्हणून आकडा पाहून एकदम निष्कर्ष काढता येत नाही. यंत्रासारखा रोजचा अक्षांश-रेखांश तर तो कधीच देणार नाही. पण यंत्र महाग असतं, मोजक्याच कासवांना लावता येतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा त्याच्यावरच बार्नेकल बसून त्याचं तोंड बंद करतात. म्हणून यंत्रावर बार्नेकल-विरोधी रंग लावावा लागतो. एक वही खरवडायची, तिच्या जागी दुसरी चिकटवायची, आणि पहिली पुन्हा उगवू नये म्हणून रंग फासायचा.

कोकणातल्या कासवांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली वेळासला सुरुवात केली तेव्हा अंडी माणसं आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जात होती. नाना फडणीसांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं वेळास आज कासवांचं गाव आहे आणि पिल्लांना समुद्रात जाताना पाहायला लोक पुण्या-मुंबईहून मुक्कामी येतात. घरटी, अंडी, पिल्लं हा हिशेब चोख झाला. पाठीचा एक स्वच्छ फोटो आणि निघालेल्या खरवडीची एक कुपी, एवढी भर त्यात पडावी असं मला वाटतं. मागणी फार मोठी नाही.

कारण प्रश्न आता आपल्या दारात येऊन पडला आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला धातूचा बिल्ला लावला होता, क्रमांक ०३२३३. २७ जानेवारी २०२५ ला ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना हा चांगलाच झटका होता. पण बिल्ला फक्त दोन ठिकाणं सांगतो, कुठून आणि कुठे. मधे ती केव्हा वळली, उपसागरात किती रमली, याबाबत धातू मुका आहे.

बंगालचा उपसागर अरबी समुद्राहून कमी खारा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा आणि गोदावरी तिथे उतरतात. बीडच्या उत्तर सीमेवरून, राक्षसभुवनाच्या घाटाला लागून गोदावरी जाते. बिंदुसरा सिंदफणेत, सिंदफणा गोदावरीत. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून लांबचा वळसा घेते आणि गोदावरीलाच मिळते. आष्टीकडचं पाणी सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. म्हणजे आमच्या अंगणात पडलेला पाऊस जवळच्या समुद्राला कधीच जात नाही. जायकवाडी आणि माजलगावच्या धरणांतून जे सुटेल, उन्हाने जे उरेल, ते सगळं पूर्वेला उपसागरात. तिथल्या पाण्यात जड अणू थोडे कमी करण्याच्या कामी आमचाही वाटा आहे, भले तो सुकटीच्या दाण्याएवढा असेल.

अशा प्रवासात एखाद्या मादीच्या पाठीवर बार्नेकल बसलेला असला, तर त्याच्या टोकाशी बंगालचा उपसागर असेल, बुडाशी अरबी समुद्र, आणि मधल्या थरात कुठेतरी श्रीलंकेचा वळसा. तो वाचायला आधी काचेची कुपी लागते आणि तिच्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या लागतात, किनाऱ्याचं नाव आणि तारीख.